सूर एसटीत बसलाय

शिगवण बाईंना कुठलाही आवाज नुसता आवाज म्हणून ऐकू येत नसे. स्टाफरूममधला पंखा सुरू झाला की त्या मान वर करून त्याची पेटीवरची पट्टी सांगत, "काळी दोन." पलीकडच्या कँटीनमध्ये कुकरची शिट्टी झाली की, "पांढरी सहा, पण जरा चढी." प्राचार्य सभेत रागावून बोलायला लागले की बाई माझ्याकडे झुकून हळूच सांगत, "आज काळी चारला लागलेत. पाचला गेले की आपण उठायचं." आणि प्राचार्यांचा आवाज खरोखरच चढत जाई. मी मूळचा मिरजेचा. तंबोऱ्यांच्या गावचा असूनही मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे बाई खरं सांगताहेत की थट्टा करताहेत हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं.

आम्ही दोघं रत्नागिरीतल्या एका अध्यापक विद्यालयात शिकवत होतो. उद्याचे प्राथमिक शिक्षक घडवायचे हे आमचं काम. बाई संगीत शिकवत, मी शैक्षणिक संशोधन. म्हणजे त्यांच्या तासाला मुलंमुली धावत जात आणि माझ्या तासाला पेंगत. वनिता शिगवण हे त्यांचं नाव. गुहागर तालुक्यात हेदवीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. बाईंनी लग्न केलं नव्हतं; गावी थोरल्या भावाचं घर, तेच त्यांचं घर. ठेंगणी मूर्ती, चालणं भरभर, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. त्या पिशवीत ज्येष्ठमधाच्या कांड्या असत. कोणाचा घसा बसलेला दिसला की त्याच्या हातात कांडी ठेवून म्हणत, "चघळ. आणि तोंड बंद ठेव." प्राचार्यांनाही त्यांनी एकदा अशीच कांडी दिली होती, तीही भर सभेत.

बाईंच्या वर्गातून पेटी ऐकू येई, मुलांचे आवाज ऐकू येत. बाईंचं गाणं मात्र कधी ऐकू आलं नाही. संगीताच्या बाई स्वतः गात नाहीत ही गोष्ट आमच्याकडे इतकी मुरली होती की तिचं कोणाला नवल वाटेनासं झालं होतं. "बाईंचा घसा नाजूक आहे," असं जुने लोक सांगत. पण हाच नाजूक घसा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला चाललेल्या मुलाला "अरे, शर्ट उलटा घातलायस!" असं ठणठणीत ऐकवत असे. तेव्हा ते कारण मला फारसं पटलेलं नव्हतं. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

नवीन तुकडी आली की पहिल्या आठवड्यात बाईंकडे रडारड ठरलेली असे. एकदा संगमेश्वरच्या आतल्या गावातला एक उंचापुरा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मला यातून सोडा. मी बेसूर हाय."

"कोण म्हणाला तुला?"

"सगळेच बोलतात."

"सगळ्यांना काय कळतंय? तुझा सूर एसटीत बसलाय. निघालाय घरातनं. येईल."

वर्ग हसला, तोही हसला. मग बाईंनी त्याला कुठलीही एक ओळ म्हणायला लावली आणि स्वतः पेटीवर एकेक पट्टी दाबत तो नेमका कुठे आहे ते शोधत बसल्या. सापडल्यावर म्हणाल्या, "हा बघ, इथं बसलायस तू. आता इथनंच जाऊ." इतर ठिकाणी पेटी सूर देते आणि पोराने धडपडत तिथवर यायचं असतं. बाईंचं उलट. "पेटीनं पोराकडे जायचं," त्या म्हणत, "तिला चाकं आहेत, पोराला नाहीत." पेटीला चाकं कुठून आली हे मी विचारलं नाही.

पुढे त्या मुलाच्या सुराचा संगमेश्वर ते रत्नागिरी प्रवास, थांब्याथांब्यासकट, अख्ख्या विद्यालयाला पाठ झाला. जिन्यात भेटला की कोणीही विचारी, "काय रे, कुठं पोचला?" "निवळीला आलाय." पंधरा दिवसांनी, "हातखंबा सोडला बाई." आणि एका दुपारी बाईंच्या वर्गातून एकच गलका उठला. मी धावत गेलो तर बाई पेटीवर थाप मारून ओरडत होत्या, "उतरला! मारुती मंदिरला उतरला!" तो मुलगा लाल चेहऱ्याने उभा होता आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. आमच्याकडे त्यानंतर कोणालाच बेसूर म्हणत नसत. फार तर गाडी लेट आहे म्हणत.

संशोधनाचं झालं ते असं. आमची एक विद्यार्थिनी जवळच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर सराव पाठ घेत होती. आजकालच्या रीतीने तिने मोबाइल आणि छोटा स्पीकर आणला होता. गाणं स्पीकरने गायचं आणि मुलांनी मागून म्हणायचं. बाई आणि मी मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलो होतो. मध्येच स्पीकरची बॅटरी संपली. मुलं न थांबता गात राहिली. पाठ घेणारी मात्र गप्प उभी राहून स्पीकर हलवून बघत होती. गाणं संपलं तरी ती त्याचं बटणच दाबत होती.

परतताना आम्ही रिक्षा केली. भाट्याचा पूल आला तेव्हा बाई म्हणाल्या, "पोरं पुढं गेली नि शिक्षक मागं राहिला. शिकवायला निघालेली ही मुलं तोंड का उघडत नाहीत हो? ह्याच्यावर तुमचं ते कृतिसंशोधन होईल काय?"

मला अतिशय आनंद झाला. इतक्या वर्षांत माझ्या विषयाकडे आपण होऊन आलेली ही पहिली व्यक्ती. मी लगेच आराखडा केला. बाईंनी त्यात एकच अट घातली: विद्यार्थ्यांपैकी काही जणांना संशोधक म्हणून बरोबर घ्यायचं. "ज्यांच्याबद्दल शोधायचं त्यांना दाराबाहेर बसवून काय शोधणार?" त्यांतली प्रज्ञा मोहिते पुढे या गोष्टीत महत्त्वाची ठरली. जयगडची मुलगी, वडील तिथल्या बंदरात कामाला. बोलायला मोजकी, पण बोलली की समोरच्याला खाली बसावं लागे.

आमचं पहिलं भांडण पहिल्याच परिच्छेदावरून झालं. बाईंनी लिहून आणलं होतं: 'मी संगीत शिकवते आणि मला काळजी वाटते.' मी ते खोडून लिहिलं: 'प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले की.' बाईंनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं.

"हा प्रस्तुत कोण?"

"म्हणजे आपणच. संशोधनात 'मी' लिहीत नाहीत."

"का? लाज वाटते?"

त्या दिवसापासून माझं नाव प्रस्तुत पडलं. "काय प्रस्तुत, चहा झाला?" "प्रस्तुत आज गप्पसे?" आठवड्याभरात शिपाईसुद्धा "प्रस्तुत सरांचा डबा कोणी हलवला?" असं विचारू लागला. मी रागावून पाहिलं, उपयोग झाला नाही.

प्रश्नावली मी केली होती. पहिलाच प्रश्न, 'आपण गाता का?' जवळजवळ सगळ्यांनी 'नाही' लिहिलं. इतका स्वच्छ निष्कर्ष मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. मी खुशीत होतो. तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "सर, हा प्रश्न चुकलाय."

"काय चुकलंय?"

"आम्ही गात नाय. आम्ही बोलतो."

इथे थोडं सांगायला हवं. रत्नागिरीकडच्या वाड्यावस्त्यांवर आरती 'बोलतात', भजन 'बोलतात', लग्नातली गाणीही 'बोलतात'. आम्हा घाटावरच्यांना हे कानाला खटकतं. मी तर मुलांच्या वह्यांत 'बोलतात' खाली लाल रेघ मारून 'म्हणतात' असं लिहीत आलो होतो. ही चूक नसून गाणं नि बोलणं यांची वेगळी वाटणी आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा समोर आलं.

"पौर्णिमेला विहारात वंदना मीच सुरू करते," प्रज्ञा सांगू लागली. "जयंतीला भीमगीतं आम्ही बायका बोलतो, पार गाडीवर उभ्या राहून. पण ते काय गाणं नाय. गाणं म्हंजे पेटी आली, स्पर्धा आली, नंबर आला. ते येणारी माणसं वेगळी."

आम्ही प्रश्न बदलला. 'तुमच्या घरी आणि वाडीत तुम्ही काय काय बोलता?' आता उत्तरं लिहायला कागद पुरेना. आरत्या, वंदना, पाळणे, हळदीची गाणी, जाखडी नाचाची गाणी, भात लावतानाची गाणी. 'आपण गाता का'ला ठाम नाही म्हणणारी ही माणसं जन्मापासून गात आली होती, फक्त त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं.

बाई हे सगळं ऐकत होत्या. मग त्यांनी प्रज्ञाला विचारलं, "वंदना सुरू करताना तुला पट्टी कोण देतं गो?"

"कोण नाय. जी सुरू करेल तिची पट्टी. बाकीचे मागनं येतात."

"आणि ती चुकीची लागली तर?"

"चुकीची कशी लागेल बाई? तिनंच तर सुरू केली."

बाईंनी पेटीचं झाकण उघडलं आणि काही न वाजवता पुन्हा लावलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी नवंच काढलं. आपण सगळ्यांनी, शिक्षकांनीसुद्धा, गाण्याबाबतचा स्वतःचा अनुभव आधी सांगायचा, आणि तो अहवालात घालायचा. मी कडाडून विरोध केला. स्वतःचा अनुभव आला की पूर्वग्रह आला, संशोधकाने विषयाबाहेर उभं राहायला हवं, वगैरे जे मी वर्गात सांगतो ते सगळं सांगितलं.

"मी बाहेर राहिले तर आत कोण उरतंय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही? प्रस्तुत, तुम्हाला कधी कोणी गप्प बसवलंय?"

मला कोणी गप्प बसवलं नव्हतं. उलट मी बोलतो फार, अशी घरी तक्रार आहे. मी खाली बसलो, आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली.

"पाचवीत होते. स्पर्धेसाठी शाळेचं समूहगीत बसवणं चालू होतं. आमचे गुरुजी एकेकीसमोर कान नेऊन ऐकत होते. माझ्यासमोर आले नि थांबले. रागावले नाहीत हो. फार चांगले होते. वाकून म्हणाले, 'वनिता, तू नुसते ओठ हलव.' मी हलवले. आमचा पहिला नंबर आला. मलाही पेन्सिल मिळाली.

"आणि सांगू? गुरुजी बरोबर होते. गाणं कुठं आहे नि मी कुठं आहे, ते मला तेव्हाही ऐकू येत होतं. कान दिला देवानं, गळा द्यायचा विसरला. म्हणून पेटी शिकले. पेटी जिथं बोट ठेवू तिथंच बोलते, दगा देत नाही. पण घरी गणपतीत दादा आरती सुरू करायचा, मी पुढं उभी. तिथंही नुसते ओठ हलवले. शाळेपुरतं सांगितलं होतं त्यांनी. मी ते देवासमोरही चालू ठेवलं. अजून चालू आहे. सगळी वाडी बोलते, नि मी मधे उभी राहून ओठ हलवते. इतकी वर्षं गणपतीला फसवतेय मी."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. पेटीने पोराकडे जायचं, ही मी एक उत्तम अध्यापन पद्धत समजत होतो. ती एका पाचवीतल्या मुलीला स्वतःसाठी हवी असलेली आणि न मिळालेली गोष्ट होती.

शेवटी प्रज्ञाच म्हणाली, "मग बाई, तुम्ही कधी बोलणार?"

"माझी गाडी अजून डेपोतच आहे गो," बाई म्हणाल्या. यावर कोणी हसलं नाही.

अहवालाचं पहिलं प्रकरण मग सगळ्यांच्या 'मी'चं झालं. मी विरोध मागे घेतला. खरं तर विरोध करायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. बाईंच्या अनुभवातून प्रज्ञाला प्रश्न सुचले, प्रज्ञाच्या 'बोलण्या'तून बाईंना उत्तरं सुचली, आणि त्या दोघींच्या मध्ये आमचा सराव पाठ पार बदलून गेला. आता आमची मुलं वर्गावर गेली की आधी शाळेतल्या पोरांना सुरू करायला सांगत आणि स्वतः मागून जात. स्पीकर पिशवीत राही.

अहवाल मांडायला आम्ही मुलांना आणि पेटीला घेऊन एका परिसंवादाला गेलो. श्रोत्यांत बाहेरगावचे एक तज्ज्ञ होते. सज्जन गृहस्थ. त्यांनी कौतुक केलं आणि मग हसत म्हणाले, "बाई, इतकं छान मांडलंत, आता एक ओळ होऊन जाऊ दे."

बाईंनी पेटीवर हात ठेवला. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, म्हणून मला दिसलं. बाईंचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

क्षणभरच. मागून प्रज्ञाने उभं राहून ओळ उचलली, आमची बाकीची मुलं तिच्या मागून गेली, बाईंनी पेटीवर तिची पट्टी पकडली आणि लोकांना वाटलं हे असंच ठरलेलं होतं. टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर बाई पिशवीत ज्येष्ठमध शोधत म्हणाल्या, "बघितलंत ना, सवय जात नाही." मला वाईट वाटलं, आणि मी तसं म्हणालो. त्यांनी एक कांडी माझ्या हातात ठेवली.

त्याच वर्षी बाई निवृत्त होऊन गावी राहायला गेल्या, आणि माझंही मिरजेला परत जायचं ठरलं. निघण्याआधी गणपती आले. बाईंचा फोन आला, "प्रस्तुत, या आमच्याकडे. निरीक्षणाला." एवढंच.

जयगडला गाडीसकट फेरीबोटीत चढलो, पलीकडे तवसाळला उतरलो आणि हेदवीवरून विचारत विचारत बाईंच्या वाडीत पोचलो. दुपारच्या आरतीची वेळ झाली होती. माजघरात मखर, वर माटवीच्या लाकडी चौकटीला काकड्या, कवंडळांची रानफळं टांगलेली, आणि खाली दाटीने उभी माणसं. निम्मी मुंबईहून आलेली. बाईंचे दादा पेटी घेऊन बसले होते. बाई नेहमीसारख्या अगदी पुढे, हातात झांजा. मला पाहून त्यांनी मान हलवली, हसल्या नाहीत. मला कळलं, त्या घाबरलेल्या आहेत.

दादांनी भाता ओढला, पट्टी दाबली, घसा साफ केला.

"थांब दादा," बाई म्हणाल्या. "आज मी बोलते."

"तू?" दादांनी वर पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "बोल की वने. देव काय माझ्या एकट्याचा हाय?"

बाईंनी पेटीकडे पाहिलं नाही. डोळे मिटले आणि पहिल्या आरतीची पहिली ओळ सुरू केली.

मला सुरातलं कळत नाही हे मी वर सांगितलंच आहे. पण हे मलाही कळलं. गुरुजी खरोखरच बरोबर होते. आवाज मोठा होता, मैदानाच्या पार टोकाला जाणारा तोच, आणि तो पेटीच्या कुठल्याच पट्टीला लागत नव्हता. पहिली ओळ एका जागी, दुसरी भलतीकडे. दोन ओळी त्या एकट्याच बोलल्या. मागे सगळे गप्प. त्यांच्या कानाला हे सगळं नेमकं ऐकू येत असणार, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या ओळीला त्यांच्या वहिनीने आवाज दिला. तो नेमका बाई होत्या तिथे लागला. मग मुंबईहून आलेले पुतणे, मग सुना, मग दारातली पोरं. बाई घसरल्या की सगळं घर त्यांच्या मागून घसरे, त्या चढल्या की चढे. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. ज्याने सुरू केली त्याची पट्टी, हाच तिथला कायदा होता. दादा एकेक पट्टी दाबत बहिणीला शोधत राहिले. काळी झाली, पांढरी झाली. शेवटी त्यांनी भाता मिटला, पेटी बाजूला सरकवली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बाईंनी डोळे उघडले. गाल ओले होते, तोंड चालू होतं. सगळ्या माणसांवरून त्यांची नजर फिरत माझ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पाहुणा माणूस, कोपऱ्यात उभा, सुरातलं काही कळत नसलेला. मी नुसते ओठ हलवत होतो.

आरती न थांबवता बाई दोन माणसांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या आणि हातातल्या झांजा त्यांनी माझ्या कानाशी धरून खणकन वाजवल्या.

मी बोलायला लागलो.